थंडीत गाडी किती तापवावी?

डिसेंबर उजाडला की मालेगाव, मनमाड, निफाडच्या पट्ट्यात पहाटेची थंडी अंगात शिरते. निफाडला तर पारा पाच अंशांच्या खालीही उतरतो. अशा पहाटे कापडाचे तागे भरून निघणाऱ्या गाड्यांचा आवाज गल्लोगल्ली ऐकू येतो. गाडी उभी, इंजिन चालू आणि ड्रायव्हर चहाच्या टपरीवर. विचारले तर उत्तर ठरलेले, "गाडी तापतेय, सेठ." आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. इतकेच नव्हे, तर गाडी तापल्याशिवाय गोदामातून काढायची नाही, असा आमचा हुकूमच होता. त्या हुकमापायी एकदा दोन माणसांचा जीव जाता जाता वाचला. म्हणून व्यापारी बंधूंसमोर हा विषय मांडत आहोत.

आमची चूक

गोष्ट जानेवारी २००३ ची. आमच्याकडे तेव्हा एक जुनी पेट्रोल व्हॅन होती. ती रात्री गोदामातच उभी राहात असे. गार वारा आत येऊ नये म्हणून ड्रायव्हरने शटर हातभरच उघडे ठेवले, गाडी चालू केली आणि तो कामासाठी बाहेर गेला. आत दोन हमाल तागे रचत होते. पाऊण तासाने आम्ही पोहोचलो तेव्हा एकजण गठ्ठ्यावर डोके टेकून बसला होता, दुसरा जमिनीवर पडला होता. आम्हाला वाटले, उपाशीपोटी चक्कर आली असेल. दोघांना उघड्यावर आणले, रिक्षात घालून दवाखान्यात नेले. ऑक्सिजन लावावा लागला. संध्याकाळी ते नीट बोलू लागले. डॉक्टरांनी आम्हाला एकच प्रश्न केला, "बंद जागेत गाडी चालू होती का?"

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपले रक्त ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने त्याला धरून ठेवते. मग अंगाला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते आणि नंतर शुद्ध हरपते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते, ते पूर्ण जळत नाही, म्हणून थंडीत हा वायू अधिक निघतो. डिझेलच्या धुरात तो कमी असतो, तरी बंद जागेत डिझेलचा धूरही विषच. शटर हातभर उघडे ठेवल्याने भागत नाही.

ही सवय आली कोठून?

ही सवय अडाणीपणाची नव्हती. जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बोरेटर असे. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून चोक ओढून पेट्रोल जास्त द्यावे लागे आणि इंजिन गरम होईपर्यंत गाडी धक्के देई, बंद पडे. तेव्हा गाडी तापवणे भागच होते.

सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आपल्याकडच्या मोटारींत इंजेक्शन पद्धत आली. यात इंजिन किती थंड आहे हे एक सेन्सर सांगतो आणि तेवढेच पेट्रोल आपोआप सोडले जाते. चोकचे काम गाडी स्वतःच करते. दवाखान्याच्या त्या प्रकारानंतर आम्ही आमच्या मिस्त्रीला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सेठ, उभी गाडी तापवायची कशाला? हळू चालवा, चालता चालता तापेल." आम्हाला ते पटले नाही. पुढे नवी गाडी घेतली. तिच्यासोबत आलेले इंग्रजी पुस्तक मुलीकडून वाचून घेतले. त्यातही तेच लिहिलेले!

कारण सोपे आहे. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, म्हणून ते सावकाश गरम होते. तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन काढते आणि खालच्या ऑईलमध्ये मिसळून ते पातळ करते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांच्या बेअरिंगा, टायर हे गाडी चालल्याखेरीज गरम होतच नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सल्लाही हाच की, आधुनिक मोटारीला अर्धा मिनिट पुरे.

डिझेल गाडीचे काय?

आपल्या धंद्यात डिझेलचे पिकअप आणि टेम्पोच अधिक. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून जी उष्णता निर्माण होते, तिच्यावरच डिझेल पेट घेते. थंड इंजिनात ही उष्णता लोखंडच शोषून घेते. त्यासाठी हीटर प्लग असतो. किल्ली फिरवल्यावर समोर वेटोळ्याच्या आकाराचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत काही सेकंद थांबावे आणि मगच सेल्फ मारावा. एवढाच धीर धरला तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही टिकतात. टर्बोची गाडी असेल तर चालू होताच रेस देऊ नये. ऑईल वर पोहोचायला थोडा वेळ लागतो.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यातील बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी उगाच उभी चालू ठेवली तर ही जाळी लवकर भरते आणि तिचा खर्च खिशाला जड जातो. एअर ब्रेकच्या ट्रकची गोष्ट मात्र वेगळी. हवेचा दाब पुरता भरेपर्यंत तेथे थांबलेच पाहिजे.

जेथे खरी थंडी आहे

शालींच्या खरेदीसाठी श्रीनगरला जाणाऱ्यांना ठाऊक असेल की, पश्मिना लडाखच्या चांगथांगातून येतो. तेथे हिवाळ्यात साधे डिझेल मेणासारखे गोठते. ट्रकवाले टाकीखाली शेकोटी पेटवीत, हे मोठे धोक्याचे काम. २०१९ मध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले, तेव्हा कोठे सोय झाली.

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात याहून जुना उपाय आहे. नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळवले. आजही विनिपेग, एडमंटनसारख्या शहरांत गाडीच्या तोंडाशी विजेची वायर लोंबताना दिसते. निघण्याच्या दोनेक तास आधी ती जोडली की पुरते. उणे अठरा अंशांत बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि ऑईल घट्ट होते. तेथे गाडी तापवणे ही गरज आहे. ऑईलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑईल थंडीत पातळ राहते.

रिमोटने गाडी चालू करणे

याच देशांत रिमोट स्टार्टर वाढला. घरात बसून बटण दाबले की बाहेर इंजिन चालू होते, काचेवरचे बर्फ सुटते, आतली जागा उबदार होते. दारे बंदच राहतात आणि किल्लीशिवाय गाडी नेता येत नाही. ठरावीक वेळात, बहुधा दहा मिनिटांत, इंजिन आपोआप बंद होते. २००४ च्या शेव्हरोले मालिबूत ही सोय कारखान्यातूनच बसवून आली. किल्ली लावून तापत ठेवलेल्या गाड्या तेथे फार चोरीला जातात. म्हणूनच कोलोरॅडो राज्यात चालू गाडी सोडून जाण्यास मनाई होती, ती २०१६ मध्ये फक्त रिमोट स्टार्टरपुरती सैल करण्यात आली.

आपल्याकडे २०१९ पासून काही मोटारींत मोबाईलवरून इंजिन चालू करण्याची सोय मिळू लागली. मालेगावात तिचा उपयोग थंडीपेक्षा मे महिन्यात एसीसाठीच जास्त! कारखान्यातून आलेली सोय असेल तर ठीक. बाजारातून वायरी तोडून बसवलेला रिमोट मात्र पारखून घ्यावा. हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअर पडलेला राहिला तर बटण दाबताच गाडी पुढे उडी घेते. वॉरंटीचाही प्रश्न येतो.

कायदाही पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ सांगते की, सार्वजनिक जागी उभ्या गाडीत परवानाधारक माणूस सीटवर असावा. नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावावा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज करावी. किल्ली लावून चालू ठेवलेली गाडी चोरीस गेली, तर विमा कंपनी "वाजवी काळजी घेतली नाही" या अटीवर बोट ठेवते.

थोडा हिशेब

पिकअपला उभ्याने तासाला एक लिटर डिझेल लागते असे धरू. रोज पाव तास गाडी तापवली तर पाव लिटर, तीन महिन्यांत साडेबावीस लिटर. लिटरचा भाव नव्वद रुपये धरला तर एका गाडीमागे दोन हजार पंचवीस रुपये धुरात गेले. ज्याच्या चार गाड्या आहेत, त्याने चाराने गुणावे.

आमचा नियम आता असा: आधी शटर पुरते वर, गाडी बाहेर, मगच इंजिन चालू. अर्धा मिनिट थांबून निघायचे आणि पहिली दोन-तीन मैल रेस न देता चालवायची. बॅटरी आणि ऑईल दिवाळीपूर्वी तपासून घ्यायचे.

त्या दोन हमालांपैकी एकजण अजूनही आमच्याकडे आहे. पहाटे तो सर्वांआधी येतो आणि कोणी न सांगता शटर छतापर्यंत चढवतो. थंडी कितीही असो, आम्ही त्याला कधी अडवत नाही.