आर्केलॉन: डायनासोर नव्हे, कासवच

समाजमाध्यमांवर आर्केलॉनचं चित्र फिरतं तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘समुद्रातला डायनासोर’. हे साफ चूक आहे. आर्केलॉन डायनासोरांच्या काळात, साधारण साडेसात ते आठ कोटी वर्षांपूर्वी, जगलं हे खरं. पण ते अस्सल कासव होतं. आजवर सापडलेल्या समुद्री कासवांत सर्वांत मोठं. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे साडेचार मीटर लांब आणि वजनाचे अंदाज दोन ते तीन टनांचे. आपल्या कोकणकिनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले जेमतेम 70 सेंटिमीटरचं असतं!

मग त्याचे अवशेष समुद्रकाठीच मिळाले असतील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात 1895 मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ जॉर्ज वायलँड यांना ते अमेरिकेच्या साउथ डकोटात, शायेन नदीच्या परिसरात मिळाले. तिथून आज समुद्र शेकडो कोस दूर आहे. आर्केलॉनच्या काळात मात्र उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र पसरला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचा पुढे खडक झाला आणि त्यातच हे सांगाडे टिकून राहिले.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज त्याच्या पाठीबद्दलचा आहे. एवढं मोठं कासव म्हणजे पाठीवर तेवढीच जाड, अभेद्य ढाल, अशी आपली कल्पना. चित्रकारही तशीच ढाल रंगवतात. पण सांगाडा नीट पाहिला तर बरगड्या सुट्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये मोठ्या मोकळ्या जागा. त्यांवर अखंड हाडांचं छत नव्हतं. बहुधा चामड्यासारखी जाड कातडी होती. पोटाकडच्या मोठ्या तबकड्यांच्या कडाही चांदणीसारख्या टोकेरी. हाडांचा भार असा कमी असणं पोहणाऱ्या प्राण्याच्या सोयीचंच. आजच्या लेदरबॅक कासवाच्या पाठीवरही कठीण ढाल नसते. संकट आलं की आर्केलॉन मान आत ओढून घेत असेल, हेही खरं नाही. समुद्री कासवांना ते जमत नाही, आणि पायही आत घेता येत नाहीत. वायलँड यांना मिळालेल्या, येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयातल्या मूळ नमुन्याचा तर मागचा एक पाय खालून तुटलेला आहे. लहानपणीच कुणीतरी तो तोडला असावा, असं वायलँड यांचं मत होतं.

आर्केलॉन उल्कापातात डायनासोरांबरोबर संपलं, असंही सांगतात. तो आघात 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. आर्केलॉनचे ज्ञात जीवाश्म त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. आणि आजची कासवं त्याची वंशज नाहीत. ज्या प्रोटोस्टेगिडी कुळातलं ते होतं, ते समूळ नष्ट झालं. उल्कापातातून तगली ती समुद्री कासवांची इतर कुळं.

खरं आर्केलॉन पाहायचं असेल तर व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जावं. आजवर मिळालेला सर्वांत मोठा सांगाडा तिथे आहे.