चाकाच्या बेअरिंगची घरघर

कुंडलिकेच्या तीरावरील जुन्या जालन्यातून निघालेली मोटार मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊ लागताच चाकाशी उठणारी घरघर जर डावीकडे वळताना वाढत आणि उजवीकडे वळताना ओसरत असेल, तर भार उजव्या अंगावर जात असल्याने दोष बहुधा उजव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, असे समजावे. जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलविता खटखट जाणवली आणि ब्रेक दाबताच ती थांबली, तर बेअरिंग बदलण्याची तजवीज तत्काळ करावी. येथे हयगय प्राणघातक ठरू शकते. नवे बेअरिंग बैठकीत दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच द्यावा, कारण आतल्या कड्यावरचा जोर गोळ्यांवाटे जाऊन धावपट्टीवर सूक्ष्म खळगे पाडतो; ज्या जालना शहरात एनआरबी कंपनीचा बेअरिंगचा कारखाना आहे, तेथील कारागिरांनी तरी हातोडा वर्ज्य मानावा, अशी आग्रहाची विनंती आहे.