तुरुंगातली शिरगणती

1 डिसेंबरला मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं, त्या क्षणी जगभरात किती पत्रकार गजाआड होते, याची मोजणी न्यूयॉर्कमधली एक संस्था दर वर्षी करते. ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स’ हे तिचं नाव. अमेरिकी पत्रकारांनी ती 1981 मध्ये काढली, आणि ही शिरगणती 1992 पासून चालू आहे. 2024 चा आकडा 361 होता. चीनमध्ये 50, इस्रायलच्या ताब्यात 43, म्यानमारमध्ये 35. वर्तमानपत्रं तेवढा आकडा छापून मोकळी होतात. पण या कामाचं मर्म आहे ते आकडा जमवण्यातल्या कंजूषपणात. नोव्हेंबरअखेर सुटलेला माणूस यादीत येत नाही, मग त्याने अकरा महिने कोठडीत काढलेले का असेनात. बंडखोरांनी पळवून नेलेलाही येत नाही, कारण मोजायचे ते सरकारचे कैदी. शिवाय अटक पत्रकारितेपायीच झाली, याची संस्थेला खात्री पटावी लागते.

हा कंजूषपणा तुर्कस्तानात अंगाशी आला. 2011 च्या यादीत तिथली अवघी 8 नावं होती आणि स्थानिक पत्रकार त्याच्या कितीतरी पट सांगत होते. सरकारने अनेकांवर दहशतवादाचे गुन्हे लावले होते. त्यामुळे कागदोपत्री त्यांचा पत्रकारितेशी संबंधच उरत नव्हता. संस्थेने प्रकरणं नव्याने तपासली, 2012 मध्ये 76 कैदी नोंदवले आणि त्यांतले 61 थेट आपल्या कामापायी आत आहेत, असा निर्वाळा दिला. एवढी चूक होत असेल तर ही यादी हवी कशाला, असं कुणी म्हणेल. मला मात्र यातच तिचं बळ दिसतं. फुगवलेल्या यादीतलं एक नाव खोटं निघालं की सरकारला उरलेली सगळी नावं झटकता येतात. कमी मोजणाऱ्याला चूक कबूल करून आकडा वाढवता येतो. (2019 मध्ये विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज याला वगळलं, ते मात्र मला पटलेलं नाही. तिथे कृतीपेक्षा ओळखपत्र तपासल्यासारखं झालं.)

ही यादी म्हणजे अमेरिकेची सोयीची काठी आहे, हा आक्षेप जुनाच. पण अल जझीराचा सुदानी कॅमेरामन सामी अल हाज ग्वांतानामोत आरोपपत्राविना खितपत पडला होता, तेव्हा या यादीत त्याचं नाव होतं आणि कैद करणारा देश म्हणून अमेरिकेचं. उरतो तो अवघड प्रश्न: यादीने कुणी सुटतं का? प्रतिष्ठेची फिकीर असलेली सरकारं कधीमधी नमतात, एरिट्रिया नमत नाही. ‘सेतित’ या वृत्तपत्राचे एक संस्थापक दावित इसाक यांना तिथे सप्टेंबर 2001 मध्ये पकडलं. खटला नाही, आरोपपत्र नाही. 2016 मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी ते जिवंत असल्याचं सांगितलं, पुरावा मात्र दिला नाही. कैदी सुटल्याची किंवा कोठडीत मेल्याची रास्त खात्री होईपर्यंत नाव काढायचं नाही, असा या यादीचा नियम आहे. त्यामुळे दर वर्षी इसाक यांचं नाव पुन्हा छापलं जातं.