ईरीकाठची अणुभट्टी आणि वीस वर्षांची वाढीव मुदत

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, टोलेडो शहराच्या पूर्वेला, ईरी सरोवराच्या अगदी काठावर डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्र आहे. एकच अणुभट्टी, क्षमता सुमारे ९०० मेगावॉट. एप्रिल १९७७ मध्ये तिला ४० वर्षांचा परवाना मिळाला. २०१० मध्ये केंद्र चालवणाऱ्या कंपनीने मुदतवाढ मागितली आणि पर्यावरणवादी गटांचा विरोध असूनही डिसेंबर २०१५ मध्ये अणुनियामक आयोगाने ती दिली. आता परवाना एप्रिल २०३७ पर्यंत आहे.

४० वर्षंच का?

अणुभट्टी चाळिशीला निकामी होते म्हणून ही मर्यादा ठरलेली नाही. १९५४ च्या कायद्यात ती आली ती मुख्यतः आर्थिक कारणांनी. त्यामुळे ‘मुदत संपली, आता बंद करा’ एवढाच मुद्दा टिकत नाही. पण यंत्रं म्हातारी होतात हेही खरं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद ठिसूळ होत जातं, केबलींची आवरणं कडक होतात, काँक्रीटला भेगा पडतात. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या; म्हणजे हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे.

उथळ पाणी

ईरी हे उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ. त्याच्या पश्चिम भागात, म्हणजे केंद्र आहे तिथे, सरासरी खोली जेमतेम सात मीटर. सुमारे १ कोटी १० लाख लोक या सरोवराचं पाणी पितात. ऑगस्ट २०१४ मध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडो परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. उकळूनही ते विष जात नव्हतं.

या शेवाळाचं मुख्य कारण शेतांतून वाहून येणारं फॉस्फरस आहे. त्याचा दोष अणुभट्टीच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. शिवाय इथे सुमारे १५० मीटर उंचीचा शीतमनोरा असल्याने बरीचशी उष्णता हवेत जाते. मिशिगन सरोवराकाठच्या पॉइंट बीच केंद्राला असा मनोरा नाही. तिथे सरोवराचं पाणी आत घेऊन, तापवून, परत सोडतात. तरी डेव्हिस-बेसीलाही पाणी ओढावं लागतंच, त्यासोबत माशांची अंडी आणि पिल्लं आत जातात. केंद्राच्या आवाराचा मोठा भाग पक्ष्यांसाठी राखलेली दलदल आहे, ही जमेची बाजू.

दोनदा निसटलेलं संकट

माझ्या मते खरी काळजीची जागा ही आहे. भट्टीच्या झाकणातून नियंत्रण दांड्यांसाठी नळ्या जातात. तशा नळ्यांना तडे जाण्याचा धोका दिसल्याने आयोगाला २००१ च्या अखेरीपर्यंत तपासणी हवी होती. कंपनीच्या आग्रहाखातर ती फेब्रुवारी २००२ पर्यंत लांबली. मग दुरुस्ती करताना एक नळी कलली आणि तिच्याशेजारी झाकणात खड्डा सापडला. गळणाऱ्या बोरिक आम्लाने सुमारे सहा इंच जाडीचं पोलाद खाऊन टाकलं होतं. उरला होता तो आतला स्टेनलेस स्टीलचा जेमतेम एक सेंटिमीटरचा थर, आणि आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ दीडशे पट. केंद्र दोन वर्षं बंद राहिलं.

दुसरी घटना ऑक्टोबर २०११ ची, मुदतवाढीचा अर्ज विचाराधीन असतानाची. नवं झाकण आत नेण्यासाठी बाहेरच्या संरक्षक इमारतीची भिंत कापली, तर काँक्रीटमध्ये भेगा. १९७८ च्या हिमवादळात भिंतीत ओल शिरून गोठली, तिला जलरोधक लेप नव्हता, असं कंपनीने कारण दिलं. पुढे लेप लावला. तरी भेगा थोड्या वाढल्याचं आढळलं. लेपामुळे आतली ओल अडकली होती.

दोन्ही दोष हाती लागले ते दुसरं काम चालू असताना. वाढीव वीस वर्षं तपासणीच्या भरवशावर काढायची असतील, तर ही गोष्ट कुणी हलक्यात घेऊ नये.

वापरलेल्या इंधनाचं काय?

१९८२ च्या कायद्यानुसार अमेरिकी सरकार हे इंधन १९९८ पासून ताब्यात घेणार होतं. नेवाडातल्या युक्का पर्वताची जागाही ठरली, पण काम थांबलं. जून २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने साठवणीविषयीचा आयोगाचा नियम रद्द केला, तेव्हा मुदतवाढीचे निर्णय दोन वर्षं अडले. २०१४ मध्ये नवा नियम आला आणि गाडी पुढे सरकली. इंधन मात्र सरोवराकाठीच राहिलं. मुदतवाढ म्हणजे त्या साठ्यात आणखी वीस वर्षांची भर.

सुनावणीत न आलेलं

मुदतवाढीची तपासणी प्रामुख्याने केंद्राचे भाग जुने होण्यापुरती असते. आपत्काळात लोकांना हलवण्याची योजना तिच्या कक्षेबाहेर, साठवणीचा प्रश्न देशव्यापी नियमात, पाण्याचा परवाना राज्याकडे. ओहायो, मिशिगन आणि कॅनडाच्या ओंटारिओतल्या गटांनी पवन आणि सौर ऊर्जेचा पर्याय मांडला. तो २०१२ मध्ये फेटाळला गेला. सरोवराचा एकत्रित विचार करणारी सुनावणी झालीच नाही.

केंद्र बंद केल्यास वीज बहुधा नैसर्गिक वायूतून येईल, कार्बन वाढेल, हा मुदतवाढीचा सर्वांत भक्कम आधार. तो मला पटतो. पण २०१९ मध्ये ओहायोने अणुकेंद्रांना आर्थिक टेकू देणारा जो कायदा केला, त्यातच नवीकरणीय ऊर्जेची उद्दिष्टं कमी केली आणि दोन कोळसा केंद्रांनाही मदत दिली. या कायद्यामागच्या लाचखोरीत विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. अणुकेंद्रांचं अनुदान २०२१ मध्येच रद्द झालं होतं. नवीकरणीय ऊर्जेच्या उद्दिष्टांतली कपात तेव्हा मागे घेतली गेली नाही.