प्रीॲम्प्लिफायर करतो तरी काय?

लाँगप्ले ध्वनिमुद्रिकेवर गाणे जसेच्या तसे कोरलेले नसते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? खर्जाचे स्वर पूर्ण जोराने कोरले, तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून ते क्षीण करून कोरतात. उलट, अतिउंच ध्वनी खरखरीत बुडू नयेत म्हणून वाढवून कोरतात. १९५४ साली अमेरिकेत ठरलेल्या प्रमाणानुसार, १,००० हर्ट्‌झच्या तुलनेत २० हर्ट्‌झचा ध्वनी सुमारे ९ पट घटवतात. ध्वनिमुद्रिकेसाठीचा प्रीॲम्प्लिफायर नेमके याच्या उलट करून मूळ तोल परत आणतो. सुईच्या कंपनांतून त्याला साधारणतः ५ मिलिव्होल्टच मिळतात. इथे मिसळलेली खरखर पुढे गाण्याबरोबरच वाढते. म्हणून त्याची पारख सोपी आहे. सुई उचललेली ठेवून आवाज वाढवा. जितकी शांतता, तितका तो उत्तम! सुई टेकवण्यापूर्वी मात्र आवाज कमी करा.