आपल्या जावयाच्या मित्राचे पोहे

कौंडण्यपूर आपल्या तिवसा तालुक्यात. म्हणजे रुक्मिणीचं माहेर आपलं अन् श्रीकृष्ण आपला जावई! या जावयाच्या गरीब मित्राचं नाव घेऊन मराठी माणसाला हसवलं ते वऱ्हाडातल्याच एका वकिलानं. नाटककार, कवी आणि विनोदकार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे हे मूठभर पोहे:

कोर्ट इकडं, नाटक तिकडं. जन्म नागपूरचा, वकिली खामगाव आणि जळगाव-जामोदची, नाटकं मात्र महाराष्ट्रभर. पहिलं ‘वीरतनय’ १८९६ चं. त्याच वर्षी तिकडं रशियात डॉक्टर चेखवचं ‘सीगल’ पीटर्सबर्गला पहिल्याच प्रयोगात सपशेल पडलं होतं.

चाल बदलली. साकी-दिंडीला सरावलेल्या मराठी रंगभूमीवर कोल्हटकरांनी पारशी-उर्दू नाटकांच्या ठसकेबाज चाली आणल्या.

अठराचे बत्तीस. ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० मध्ये आलं ते ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असं जोडनाव घेऊन, कारण लेख अठरा. पुढं लेख बत्तीस झाले, तेव्हा नाव पडलं ‘साहित्य-बत्तिशी’. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट चिमणराव-गुंड्याभाऊंच्याही आधीचं.

नाव एक, कामं दोन. ‘मूकनायक’ म्हटलं की १९२० चं डॉ. आंबेडकरांचं पाक्षिक आठवतं. त्याआधी जवळपास वीस वर्षं याच नावाचं कोल्हटकरांचं नाटक रंगभूमीवर होतं.

दोन गीतं, एक गाव. शाळाशाळांतून गायलं गेलेलं ‘महाराष्ट्रगीत’ कोल्हटकरांचं. २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला तो राजा बढे यांच्या गीताला. गंमत अशी, की दोघंही जन्मानं नागपूरकर.

ताऱ्यांचाही हिशेब. अशील आणि नटांतून सवड काढून या वकिलानं ‘भारतीय ज्योतिर्गणित’ (१९१३) हा ग्रंथही लिहिला. विनोदी लेखकाचं गणित कच्चं असतं, असं कोण म्हणतं?

चेले असावे तर असे. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे वि. स. खांडेकरही. १९२७ मध्ये पुण्यानं साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलं, तेही या वऱ्हाडच्या वकिलाला बोलावून.

तेव्हा कुणी विचारलं, “तालुक्याच्या गावात राहून काय लिहिशीन बाप्पा?” तर वाद घालू नका. त्याच्यापुढं पोहे ठेवा. सुदाम्याचे.