तारेला भूस्पर्श वर्ज्य

४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांसाठी आपल्या देशात सर्रास वापरली जाणारी ‘मूस’ तार, म्हणजे पोलादाच्या ७ धाग्यांभोवती ॲल्युमिनियमचे ५४ धागे पिळून सिद्ध केलेला वाहक, मनोऱ्यांवर चढविताना जमिनीवरून फरफटत नेण्यास सक्त मनाई असते. कारण मृदू ॲल्युमिनियमवर उमटलेल्या ओरखड्याशी विद्युत्क्षेत्र एकवटून भोवतालच्या हवेचे आयनीभवन होते व विजेचा अपव्यय वाढतो. म्हणून एका टोकाचे ओढयंत्र पोलादी दोराने तार खेचीत असता, दुसऱ्या टोकाचे ताणयंत्र रबरी अस्तराच्या चाकांवरून तिला रोखून धरीतच सोडते, आणि ती मनोऱ्यांवरील कप्प्यांतून अधांतरी पुढे सरकते. अखेरीस तारेचे तपमान पाहून, तक्त्याबरहुकूम झोळ कायम करतात. उन्हाळ्यात प्रसरणाने ती फार खाली येऊ नये आणि थंडीत आकुंचनाने ताण बेसुमार वाढू नये, यासाठी ही दक्षता अत्यावश्यक होय.